दवावर टाकलेला चहा

निपाणीत तंबाखूच्या वखारी पुष्कळ होत्या आणि वखारीत पान निवडणाऱ्या बायाही पुष्कळ होत्या, पण नाक म्हणाल तर ते एकट्या गंगव्वाचं. असं ती स्वतः कधी म्हणाली नाही. तिला म्हणायची गरजच पडली नाही, गाव म्हणत होतं. मूठभर पान नाकाशी धरलं की ते काळ्या मातीतलं की तांबड्या, वाळताना पाऊस खाल्लेलं की नाही, पोत्यात किती दिवस कोंडलेलं, हे ती डोळे मिटून सांगायची. वखारीचा मालक एरवी कामाच्या बायांना नावानं हाक मारणंसुद्धा कमीपणाचं समजायचा. पण माल उतरून घ्यायच्या आधी तोही माणूस पाठवायचा, "गंगव्वाला बोलवा." ती पदराला हात पुसत जायची, वास घ्यायची, खरं ते सांगायची आणि परत येऊन आपल्या जागी बसायची. पान खोटं तर खोटं, मग ते मालकाच्या मेहुण्याचं का असेना.

आता तिची सत्तरी उलटली होती. वखार सुटून बारा वर्षं झाली होती. मुलगा धर्मराज बेळगावात विमा कचेरीत साहेब झाला होता आणि शनिवारी घरी यायचा. सून सुविधा निपाणीतच हायस्कुलात मराठी शिकवायची. नातू प्रज्ञेश तर थेट थायलंडात, उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका गावी गणिताचा मास्तर होता. घर पक्कं होतं, गच्ची होती, गंगव्वाला कशाची म्हणून ददात नव्हती. फक्त एक गोष्ट होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिला वास येत नव्हता.

चार वर्षांपूर्वीच्या साथीत आठ दिवस ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. येईल परत म्हणून तिनं वाट बघितली. ओवा चोळून हुंगला, कांदा फोडून हुंगला, माळ्यावरच्या डब्यातली जुनी तंबाखू गुपचूप काढून हुंगली. भिंत हुंगावी तसं. एकदा न्हाणीचं दार लावून ती पोटभर रडली, तोंड धुऊन बाहेर आली आणि गप्प राहिली. डोळे गेलेल्याला लोक हात धरून नेतात, कान गेलेल्याशी ओरडून बोलतात. नाक गेलेलं कुणाला दिसत नाही, तेव्हा ते झाकून ठेवणं सोपं. जिभेला तिखट, मीठ, आंबट, गोड एवढं कळायचं, त्यावर ती भागवायची.

गल्लीतला मष्णू हा छोटा व्यापारी अजूनही अधूनमधून पान घेऊन यायचा, "मावशी, जरा बघा की." गंगव्वा ते नाकाशी धरल्यासारखं करायची आणि खरी परीक्षा बोटांनी घ्यायची. बोटं चाळीस वर्षं पानातच राबलेली, ती कधी चुकली नाहीत. पण मष्णू जाताना "काय नाक हाय!" म्हणायचा आणि तिला चोरी केल्यागत वाटायचं. पानाच्या बाबतीत ती जन्मात कधी खोटं बोलली नव्हती, आणि आता दर खेपेला बोलत होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी प्रज्ञेश आला. दोन वर्षांनी आला. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून झाली, सगळ्यांना वाकून झालं, आईच्या हातची आंबोळी खाऊन झाली, मग त्यानं पिशवीतून एक चकचकीत पुडका काढला आणि आज्जीच्या मांडीवर ठेवला.

"तुझ्यासाठी आणलाय आज्जी. चहा."

"चा? हितं काय चा मिळत न्हाय व्हय रं?"

"असला न्हाय मिळत. आमच्या शाळेच्या मागं डोंगरावर मळा हाय. खामकाका म्हणून म्हातारं हाय एक, तुझ्याच वयाचं. पान सोता खुडतंय, सोता वाळवतंय." प्रज्ञेश पुढं सरकून बसला. "मी त्यांना तुझं सांगितलंय. माझी आज्जी नाकानं पान ओळखती म्हणून. तर ते म्हणालं, मग ह्यो थंडीच्या तोडीचा घेऊन जा आणि तिचा शब्द मला आणून दे. मोबाइलवर तू बोलायचंस, मी त्यांच्या भाषेत सांगून पाठवणार. वाट बघत बसल्यात ते."

"आता बोला!" धर्मराज सोफ्यावरून म्हणाला. "निपाणीचं नाक परदेशात गेलं." आईचा त्याला भारी अभिमान, आणि अभिमानी माणसाला समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही.

प्रज्ञेशनं पुडका फोडून तिच्या नाकाखाली धरला. तिघंही बघत होते. गंगव्वानं डोळे मिटले, सवयीनं. आत काही नाही. तिनं डोळे उघडून चिमूटभर हातात घेतलं. मिऱ्याएवढ्या, गडद हिरव्या, घट्ट वळलेल्या गोळ्या. कडक. दाबलं तरी दबेनात. बोटंही मुकी झाली. काहीतरी बोलणं भाग होतं आणि चाळीस वर्षांची सवय तोंडातून आपोआप बाहेर पडली.

"आसं कोरडं पान नाकाला लावत न्हाईत. दवावर टाकाय पायजे."

तंबाखूच्या मुलखात हे पोरासोरांनाही ठाऊक. वाळलेलं पान हातात घेतलं की मोडतं, चुरा होतो. म्हणून ते रात्रभर दवावर राहू देतात, उजाडायच्या आत ते सादळतं, मऊ पडतं, मग त्याला हात लावायचा, मग त्याचा वास घ्यायचा. नियम शंभर टक्के खरा. फक्त चहा म्हणजे तंबाखू नव्हे. त्यातून हा चहा तर कुणीतरी जिवापाड जपून भाजून कोरडा केला होता, ओल लागू नये म्हणूनच त्या चकचकीत पुडक्यात कोंडला होता. प्रज्ञेशला हे माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पानाच्या बाबतीत गंगव्वाला शिकवायला जायचं, आणि तेही निपाणीत बसून, म्हणजे विहिरीला पाणी पाजण्यातला प्रकार.

"आज्जी, थोडाच टाकूया का?" एवढंच तो म्हणाला.

"थोड्यावर काय कळतंय? पान समदं बघायचं आसतंय."

समदं कशाला, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. घाबरलेला माणूस हातचं राखून बोलत नाही. तर अख्खा पुडका, पाव किलो चहा, सुपात पसरून गच्चीवर गेला. गंगव्वाला हवी होती ती फक्त एक रात्र. सकाळपर्यंत काहीतरी सुचेल असं तिला वाटलं होतं. सुचलं काहीच नाही.

उजाडता उजाडता ती गच्चीवर चढली. कठडा दवानं ओला झाला होता. सुपाशी बसून तिनं हात घातला आणि तिथंच थबकली. गोळ्या सैल पडल्या होत्या. एक उलगडून बघितली. दोन पानं आणि मधला कोंब, देठासकट, अखंड. दुसरी बघितली, तीही तशीच. देठ वाकवला, तो मोडला नाही, वाकला. सूप कलतं करून तळाशी बोट फिरवलं. चुरा नाही. पाव किलोत चिमूटभर चुरा नाही! चाळीस वर्षांत असं पान तिच्या हातात आलं नव्हतं. कुणी म्हातारं माणूस डोंगरावर उभं राहून एकेक कोंब नखानं खुडतंय, घाई करत नाही, मोडतोड करत नाही, हे तिला बोटांनी स्वच्छ दिसलं. क्षणभर ती नाकही विसरली आणि भीतीही. तिला त्या न बघितलेल्या माणसाविषयी फार माया वाटली.

मागून प्रज्ञेश आला. त्यानं चिमूट उचलली आणि त्याचा चेहरा उतरला.

"आज्जी, हे ओलं झालं गं."

"ओलं न्हवं, सादळलं."

"तेच की. आता हे टिकायचं न्हाय. बुरशी धरंल. आजच्या आज प्यायला पायजे."

"समदं?"

"समदं."

गंगव्वानं सुपाकडं बघितलं, नातवाकडं बघितलं. इतक्या लांबून आणलेली वस्तू तिनं एका रात्रीत नासवली होती, आणि तीही एक लबाडी झाकायला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं रं बाळा माझं," ती म्हणाली. हे तिनं अगदी मनापासून म्हटलं, पण पूर्ण म्हटलं नाही.

प्रज्ञेश मात्र हसायला लागला. लहानपणापासून त्याचं असंच. दूध सांडलं की हा बोक्याला बोलवायचा. "मग गल्ली कशाला हाय?" म्हणत तो खाली पळाला.

रविवार असल्यामुळं माणसं घरातच होती. धर्मराज दारोदार सांगून आला, थायलंडचा चहा प्यायला चला, कप आपापला आणा. गंगव्वाबरोबर वखारीत जन्म काढलेली शेजारची अंबूबाई सगळ्यात आधी आली आणि सगळ्यात चांगली जागा धरून बसली. मष्णू आला. बाकीची गल्ली येत-जात राहिली. प्रज्ञेशनं बरोबर आणलेली चहा मुरवायची झाकणाची वाटी लिंबाएवढी, ती बघून मष्णू म्हणाला, "ह्यातनं मुंगीला पाजणार का?" तेव्हा ती बाजूला ठेवून सुविधानं स्टीलचा मोठा तांब्या दिला. वर झाकायला ताटली आणि ओतताना गाळणं.

पाणी उकळलं. प्रज्ञेशनं ते खाली उतरवून बुडबुडे बसू दिले. तांब्यात चार मुठी पान टाकलं, पाणी ओतलं आणि लगेच ते सगळं मोरीत ओतून दिलं.

"आरं आरं!" अंबूबाई जागेवरून अर्धी उठली. "पयलं पानी मोरीत? त्यातच तर दम आसतोय!"

"ती पानाची आंघोळ हाय आक्का. चा आता हुईल."

दुसऱ्या पाण्यानं तांब्यावर ताटली ठेवून तो मनातल्या मनात आकडे मोजत बसला, मास्तरच तो. मग कपात ओतलं. फिकट पिवळं, आरपार दिसणारं.

"दूध?" अंबूबाईनं विचारलं.

"न्हाय."

"साखर?"

"न्हाय."

"मग ह्येला चा कशाला म्हनायचा? हळदीचं पानी म्हन की." असं म्हणून तिनं घोट घेतला, पुन्हा घोट घेतला आणि काही न बोलता कप पुढं केला.

त्याच पानावर तिसरं पाणी झालं, चौथं झालं. गोळ्या उलगडून बोटाएवढी पानं झाली आणि तांब्या निम्मा भरला. पाचव्या पाण्यालाही रंग उतरला तेव्हा अंबूबाई म्हणाली, "एकाच पानावर पाच डाव! वखारीच्या मालकीनबाईला ह्ये कळलं आसतं तर तिनं आमाला जलमभर एकाच चिमटीवर चा पाजला आसता." सगळी गल्ली हसली. उन्हं गच्चीवरून अंगणात उतरली होती, माणसं पायऱ्यांवर, ओट्यावर, जिथं जागा मिळेल तिथं टेकली होती, आणि चहा संपायचं नाव घेत नव्हता.

गंगव्वा कप दोन्ही हातांत धरून बसली होती, पण तिचे कान चौफेर फिरत होते. तिनं मनाशी बेत केला होता. लोक वासाबद्दल काय बोलतात ते गोळा करायचं आणि तेच मोबाइलवर सांगायचं. पण लोकांचं एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. मष्णू म्हणाला, केवड्यागत. अंबूबाई म्हणाली, तांदळाच्या पेजेचा वास. कोपऱ्यावरचा एकजण म्हणाला, नव्या गादीचा. धर्मराज म्हणाला, "वास बिस काय न्हाय, पण प्यायला बरं लागतंय," आणि बायकोकडं बघून चिमूटभर साखर मागितली, ती मिळाली नाही. केवडा, पेज आणि गादी यांची मोट बांधून कुठला वास करायचा, हे गंगव्वाला कळेना.

शेवटी तिनं तो विचार सोडला आणि चहा प्यायली. सवयीनं तिला वाटलं होतं, गरम पाणी. आधी तसंच लागलं, थोडं तुरट. गिळलं आणि मग, मागाहून, घशाच्या मुळाशी गोडी आली. साखरेची नव्हे. ज्येष्ठमध चघळल्यावर उरते तशी, हळू आणि खूप वेळ. चार वर्षांत तिला तोंडातलं काही इतकं आवडलं नव्हतं. तिनं दुसरा घोट घेतला, गोडी पुन्हा आली, आणि तिला उगीचच हसू फुटलं.

नेमका तेव्हाच प्रज्ञेशनं रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल समोर धरला. "सांग आज्जी. खामकाका ऐकणार हाईत. वास कसा हाय?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. मष्णू तर पुढं वाकून बसला. गंगव्वानं त्या मोबाइलकडं बघितलं. केवडा म्हणावं? म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण हाताला अजून ती अखंड पानं आठवत होती. ज्यानं एवढ्या खरेपणानं पान खुडलं त्याला खोटा वास सांगून पाठवायचा? वखारीच्या मालकासमोर जी जीभ खोटं बोलली नाही तिनं ह्या माणसासमोर बोलायचं? तिला ते जमेना.

"जयभीम म्हन त्येस्नी," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "आन् सांग, मला वास येत न्हाय. चार वर्सं झाली. नाक गेलंय माझं. मी कुनाला सांगितलं न्हाय. लाज वाटली."

धर्मराजच्या हातातला कप तसाच राहिला. मग मष्णू म्हणाला, "म्हंजे मावशी, चार वर्सं मी जे पान दावत आलो..."

"पान कुठं चुकलं का तुझं?"

मष्णूनं विचार केला. "न्हाय. एकदाबी न्हाय."

"मग गप बस."

सुविधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती येऊन सासूच्या शेजारी ओट्यावर बसली. "आत्याबाई," ती हळू म्हणाली, "मला ठावं होतं."

"काय ठावं होतं?"

"त्याच साली. दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला. मी शाळेतनं येऊन बघितलं तर तुमी चुलीपासनं चार हातांवर बसून शेंगा निवडत होता. तवाच कळलं."

गंगव्वाला आधी राग आला, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं कुठलंच धड झालं नाही. "मग बोलली का न्हाईस गं?"

"तुमी सांगाल म्हणून वाट बघत होते. तुमचं तुमी सांगायचं ते. मी कसं बोलू?" सुविधा कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "पण एक करत आले. मष्णूभाऊ नमुन्याचं पान ठेवून गेले की तुमच्या माघारी मी ते हुंगून बघायची. लगीन होऊन आले तवापासनं तुमचं ऐकतेय, कोंदट कशाला म्हणायचं, आंबूस कशाला म्हणायचं. तसं लागतंय का ते ताडून बघायची. म्हटलं, कधी कुणी तुम्हाला कोंडीत धरलं, तर घरात एक नाक असावं."

वर्गात व्याकरण शिकवणारी ही बाई चार वर्षं चोरून तंबाखू हुंगत होती, आणि सासूला वाटत होतं की घरात चोर आपण एकटीच. गंगव्वानं पदर डोळ्यांना लावला. तो काढला तेव्हा तिचा चेहरा निराळा होता. वखारीत माल उतरल्यावर व्हायचा तसा. तिनं आपला कप सुनेच्या हातात दिला.

"घे. डोळं मिट. पुढनं काय येतंय?"

सुविधानं कप नाकाशी नेला. "ओल्या गवतागत... न्हाय, थांबा. दवावरनं उचललेल्या पानागत. पण माती न्हाय त्यात."

"बरं. मधी?"

"फूल. पांढरं, लिंबाच्या फुलागत. लई हलकं."

"कोंदट?"

"न्हाय."

"आंबूस?"

"जरासुदिक न्हाय. आणि शेवटाला लोणी कढवल्यागत येतंय. तूप होतंय, करपायच्या आधीचं."

गंगव्वा ऐकत होती. दव, लिंबाचं फूल, कढतं लोणी. एकेक वास तिला आठवत गेला आणि ते तिन्ही एकमेकांशेजारी नीट बसले. नाकात काही आलं नाही. पण चहा कसा आहे ते तिला कळलं.

"आता नाक बाजूला घे. ऱ्हातंय का उडून जातंय?"

"ऱ्हातंय," सुविधा डोळे न उघडता म्हणाली. "अजून ऱ्हातंय, आत्याबाई."

प्रज्ञेशनं मोबाइल खाली घेतला. त्याचेही डोळे भरले होते. "आज्जी, मघाचं नाक गेलेलं पुसू का? फकस्त शेवटचं पाठवतो."

"कायबी पुसू नगंस," गंगव्वा म्हणाली. "समदं पाठीव. आन् वर आसं सांग त्येस्नी. पान सासूनं बोटानं बघितलंय, वास सुनंनं घेतलाय. पयल्या नंबरचं हाय. ह्यो शब्द आमा दोघींचा हाय."